गाडी नवी, पाय जुना

एखादा माणूस कोणत्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकला हे ओळखायला त्याचं लायसन्स बघावं लागत नाही. शेजारच्या सीटवर दहा मिनिटं बसलं की पुरे. उतार लागला की हात आपोआप न्यूट्रलकडे जातो का? ब्रेक एकदम न दाबता टप-टप-टप असा हप्त्याहप्त्याने दाबला जातो का? ओव्हरटेक करताना आरशाआधी हॉर्नची आठवण होते का? या तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील, तर गाडी कितीही नवी कोरी असू दे, आतला माणूस अजून फियाट नाहीतर अँबॅसिडरच चालवतोय असं खुशाल समजा.

आपण नेहमी म्हणतो की ‘मी’ गाडी चालवतो. माणूस शांत असेल तर गाडी शांत, तापट असेल तर गाडी तापट. यात तथ्य आहेच. पण उलट दिशेनेही काहीतरी होत असतं. गाडी आपल्याला शिकवत असते, काही गोष्टींसाठी शिक्षा करते, काहींसाठी बक्षीस देते, आणि दहा-पंधरा वर्षांत आपल्या हातापायांत एक प्रोग्रॅम लिहून ठेवते. मग गाडी विकली जाते, नवी येते, पण प्रोग्रॅम तोच राहतो. आमच्या धंद्यात याला ‘लेगसी कोड’ म्हणतात :) कोणी लिहिला, का लिहिला हे आठवत नाही, पण काढून टाकायची हिंमतही होत नाही.

तर आजचा विषय हा. आपल्याकडच्या गाड्यांनी आपल्याला कसं कसं घडवलं, त्याचा थोडा इतिहास.

एखाद्या बदलाचा परिणाम तपासायचा तर बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची असते. म्हणून मी रस्ता एकच धरतो: मुंबई-पुणे, आणि त्यातही बोरघाट. गाड्यांसाठीचा हा घाटरस्ता १८३० साली, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात खुला झाला. तेव्हा ‘गाडी’ म्हणजे अर्थातच बैलगाडी नाहीतर घोडागाडी. खोपोली ते खंडाळा हा जवळपास पाचशे मीटरचा चढ. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा धनगर म्हणजे हा शिंग्रोबा, अशी आख्यायिका आहे, आणि जाणारे-येणारे ड्रायव्हर आजही तिथे नाणं टाकतात. ते नाणं का टाकावंसं वाटत असेल हे कळायला आधी जुन्या गाड्या कळायला हव्यात.

तीन गाड्यांचा देश

साठ-सत्तरच्या दशकात तुम्हाला गाडी घ्यायची असती तर पर्याय किती? कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्स बनवत होती ती अँबॅसिडर, म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली ही कंपनी इटालियन फियाट ११०० बनवायची, आणि १९७४पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ नावाने ओळखली जाऊ लागली. (नाव बदललं तरी लोक शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले, हा भाग वेगळा.) आणि तिसरी मद्रासची स्टँडर्ड. झाली यादी. लायसन्स-परमिटच्या जमान्यात देशभरात वर्षाला पन्नास हजार गाड्यासुद्धा बनत नसत. नंबर लावायचा आणि वाट बघायची. कित्येकांची ही वाट काही वर्षांची असायची.

ही गोष्ट मुद्दाम सांगतोय. ‘गाडीमुळे चालवणं बदलतं’ असं कोणी म्हणालं की पहिली शंका येते ती अशी: उलट कशावरून नसेल? ज्याला जोरात जायचंय तो जोरात जाणारी गाडी घेतो, मग दोष गाडीचा कसा? शंका रास्त आहे. पण त्या काळात निवडच नव्हती! शांत माणूस, तापट माणूस, डॉक्टर, कंत्राटदार, सगळे त्याच दोन-तीन गाड्यांत. तरीही त्या पिढीच्या ड्रायव्हिंगमध्ये एक विलक्षण सारखेपणा दिसतो. स्वभाव वेगळे, गाडी एकच आणि सवयीही एकच. म्हणजे सवय कुठून आली?

आता जरा आकडे बघू. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, वजन नऊशे किलोच्या आसपास. अँबॅसिडरचं जुनं इंजिन १४८९ सीसीचं, पन्नासेक हॉर्सपॉवर, पण वजन अकराशे किलोच्या पुढे. दोघींचा हिशोब टनामागे पंचेचाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास येतो. त्यात चार माणसं, होल्डॉल आणि लोणच्याची बरणी घालून बोरघाट चढायचा. घाईला वावच नाही. कोणालाही, कसाही स्वभाव असला तरी.

आणि चढणं ही नुसती ताकदीची गोष्ट नव्हती. रेडिएटरचा पंखा पट्ट्यावर, म्हणजे इंजिन जेवढं फिरेल तेवढाच पंखा फिरणार. वरच्या गियरमध्ये रेंगाळत चढलात तर इंजिनावर भार जास्त आणि वारा कमी, थोड्याच वेळात रेडिएटरला उकळी. म्हणून खालचा गियर वेळेवर टाकायचा, इंजिन फिरतं ठेवायचं आणि एक डोळा टेंपरेचरच्या काट्यावर. शिवाय उन्हाळ्यात पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. (पेट्रोल पंप म्हणजे इंजिनावर बसवलेला छोटा पंप, रस्त्यावरचा नव्हे!) त्यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. त्यामुळे डिकीत पाण्याचा कॅन आणि एक फडकं हे स्टेपनीइतकंच आवश्यक सामान होतं.

पहिल्या गियरला सिंक्रोमेश नसायचं. म्हणजे गाडी चालू असताना पहिला गियर टाकायचा तर क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाचा वेग जुळवून टाकायचा, नाहीतर असा खर्रकन आवाज यायचा की शेजारून जाणारा बैलसुद्धा वळून बघायचा. गियरचा दांडा स्टिअरिंगच्या मागे. स्टिअरिंगला पॉवर नाही, त्यामुळे गाडी थोडी सरकल्याशिवाय चाक वळवायचं नाही हे आपोआप अंगवळणी पडायचं. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरेनासा होतो. म्हणून जुने ड्रायव्हर एक नियम सांगत: ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरा.

या सगळ्याचा एकत्र परिणाम काय झाला? लांबवर बघत चालवणारा ड्रायव्हर तयार झाला. वेग परत मिळवणं इतकं महाग होतं की तो घालवायचा कोणी नाही. दोनशे मीटरवर ट्रक दिसला की पाय आत्ताच ऍक्सिलरेटरवरून उचलायचा. आणि गाडीने ऐंशीचा काटा गाठला की दारं, डॅशबोर्ड आणि मागच्या सीटवरची मावशी सगळे एकदम बोलायला लागायचे. वेगमर्यादेची पाटी वाचायची गरजच नव्हती.

त्यांच्या वाईट सवयी

मात्र ‘जुनं ते सोनं’ म्हणत इथेच थांबलो तर तो लबाडपणा होईल. याच गाड्यांनी काही सवयी अशा लावल्या की त्या आजपर्यंत जीव घेऊ शकतात.

पहिली, न्यूट्रल. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झालं आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणं, काही बहाद्दरांचं तर इंजिनच बंद करणं, ही घरोघरची काटकसर झाली. त्या काळच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत यात थोडं तथ्य होतं. गियरमध्ये उतरताना इंजिन फिरत राहायचं आणि पेट्रोल ओढत राहायचं. ब्रेकला इंजिनाची मदत नसे, स्टिअरिंगला नसे, म्हणून इंजिन बंद झालं तरी ब्रेक आणि स्टिअरिंग होते तसेच जड राहायचे. इंजिन ब्रेकिंग गेलं, ही धोक्याची गोष्ट तेव्हाही होतीच, पण गाडी निदान ओळखीची राहायची.

२०००च्या सुमारास प्रदूषणाचे नियम आले आणि त्यांच्याबरोबर आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. आता गणित साफ उलटं झालं. गियरमध्ये असताना ऍक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंजिनाचं पेट्रोल पूर्ण तोडतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये टाकलं तर मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलवाला पेट्रोल वाचवत नाही, जाळतो! आणि इंजिनच बंद केलं तर दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो, पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंग जातं, आणि किल्ली जास्त फिरवली गेली तर स्टिअरिंग लॉक होतं. तीस वर्षांपूर्वीची काटकसर आजच्या गाडीत आत्महत्या ठरू शकते.

दुसरी सवय, हॉर्न. आपण एवढे हॉर्न का वाजवतो यावर संस्कृतीपासून शिक्षणापर्यंत सगळी कारणं सांगून झाली आहेत. माझा एक साधा तर्क आहे: आरसे. कित्येक वर्षं आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांना डाव्या बाजूचा आरसाच नसायचा. मारुती ८००च्या साध्या मॉडेललाही नव्हता, आणि २००९च्या नॅनोच्या साध्या मॉडेललाही नव्हता. पुढच्याला मागचं दिसतच नसेल तर मागच्याने ‘मी आलोय’ हे सांगणं भागच आहे. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेलं असतं ते उगाच नाही, ती त्या व्यवस्थेची प्रोटोकॉल डॉक्युमेंटेशन आहे :) आज प्रत्येक गाडीला दोन्ही बाजूंना आरसे आहेत, विजेवर हलणारे आहेत, पण गर्दीत घासू नयेत म्हणून ते मिटून ठेवलेले असतात आणि हॉर्न चालूच.

तिसरी, हात. उजवीकडे वळताना खिडकीतून हात बाहेर, डावीकडे वळायचं तर हात काढून गोल फिरवायचा, वेग कमी करायचा तर तळवा खालीवर. हे नियमांत होतं आणि आरटीओच्या परीक्षेत विचारलं जायचं. खिडक्या उघड्या होत्या तोवर ते ठीक होतं. एसी आला, काचा बंद झाल्या, हात आत आला. पण इंडिकेटरची सवय काही सगळ्यांना त्याच दिवशी लागली नाही. मधल्या मध्ये काही वर्षं कोणीच कोणाला काही सांगत नव्हतं. (काही ठिकाणी ती वर्षं अजून चालू आहेत.)

चौदा डिसेंबर

१४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या कारखान्यातून निघालेल्या पहिल्या मारुती ८००ची किल्ली इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना दिली. या गाडीबद्दल स्वस्त, मस्त, मध्यमवर्गाची वगैरे सगळं लिहून झालं आहे. मला तिच्यात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. भारतातल्या ड्रायव्हिंगची शैली इतक्या कमी वेळात बदलणारी दुसरी वस्तू मला तरी दिसत नाही.

पुन्हा आकडे. इंजिन ७९६ सीसी, ताकद सदतीस हॉर्सपॉवर, म्हणजे पद्मिनीपेक्षाही कमी! पण वजन फक्त साडेसहाशे किलोच्या आसपास. टनामागे सत्तावन्न हॉर्सपॉवर. पंचेचाळीसवरून सत्तावन्न म्हणजे पंचवीस टक्क्यांच्या पुढे उडी. गियर जमिनीवर, क्लच हलका, स्टिअरिंग हलकं, पंखा विजेवर चालणारा आणि गरज पडली की आपोआप सुरू होणारा. घाटात टेंपरेचरच्या काट्याकडे बघायची गरज संपली. डिकीतला पाण्याचा कॅन गेला. (तसाही त्या डिकीत तो मावला नसता.)

आता ड्रायव्हरच्या जागी बसून विचार करा. चूक केली तर शिक्षा नाही. उगाच ब्रेक मारला? काही हरकत नाही, वेग परत मिळतो. चुकीचा गियर? गाडी सांभाळून घेते. दोन बसच्या मधली फट? जाते की! लांबवर बघण्याची गरज गेली आणि जवळच्या फटीकडे बघण्याचं बक्षीस मिळायला लागलं. त्याच घाटात, त्याच वळणांवर आता ओव्हरटेकिंग सुरू झालं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मारुतीने गाडीबरोबर माणसंही बदलली. नोकरीतल्या बायका, तरुण जोडपी आणि ड्रायव्हर ठेवणं ज्यांच्या स्वप्नातही नव्हतं अशी माणसं पहिल्यांदाच स्टिअरिंगवर बसली. त्यातले कितीतरी थेट स्कूटरवरून आलेले. १९७२ साली आकुर्डीतून निघालेल्या बजाज चेतकने आख्ख्या महाराष्ट्राला फटीतून जायला शिकवलं होतं. त्यामुळे मारुतीवाल्याची फट शोधण्याची सवय थोडी मारुतीची आणि थोडी चेतकची आहे असं मला वाटतं. नव्या गाडीत जुन्या गाडीची सवय येते याचं पुणेरी उदाहरण शोधायला लांब जायला नको, कोणत्याही पेठेतला सिग्नल सुटताना बघा.

पण हे चांगलं की वाईट? मला वाटतं, दोन्ही. माझी आई मारुतीवर शिकली. पद्मिनीचा जड क्लच आणि स्टिअरिंगमागचा दांडा बघून तिने गाडीचा नादच सोडला होता. स्वतः गाडी चालवत माहेरी जाता येणं ही तिच्यासाठी काय चीज होती हे मी लहानपणी पाहिलंय. गाडी सोपी होणं म्हणजे नुसता बेफिकीरपणा वाढणं नव्हे.

शांत गाडी, उंच गाडी

नव्वदनंतर काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोरचंच आहे. १९९४ला पुण्याची सुमो, १९९८ला सँट्रो आणि इंडिका, २००२ला नाशिकची स्कॉर्पिओ. आणि २००२मध्येच मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्णपणे सुरू झाला. रस्ताही बदलला, म्हणजे माझा ‘एकच गोष्ट बदला’ हा नियम इथे मोडला. पण एक्स्प्रेसवेच्या सुरुवातीच्या वर्षांत जुन्या गाड्यांचे टायर फुटणं आणि इंजिनं तापणं हे प्रकार आठवत असतील. गाडी चाळीस-पन्नासला घडलेली आणि रस्ता शंभरचा. हळूहळू गाड्या रस्त्याला साजेशा झाल्या आणि मग रस्त्याच्याही पुढे गेल्या. आजची साधी हॅचबॅक घ्या: ऐंशीच्या पुढे हॉर्सपॉवर, वजन नऊशे किलोच्या आत. टनामागे नव्वदच्या पुढे. पद्मिनीच्या दुप्पट!

आणि ताकदीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे शांतता. माणूस वेग स्पीडोमीटरवर वाचतो त्याहून जास्त कानाने आणि बुडाने मोजतो. प्रयोगांत असं दिसलंय की आवाज कमी केला की लोकांना तोच वेग कमी वाटतो. डोळ्यांची उंचीही फसवते. उंच बसलं की जमीन हळू सरकताना दिसते. कॅनडात सिम्युलेटरवर केलेल्या प्रयोगात उंच सीटची नजर दिलेल्या चालकांनी जास्त वेग पकडला होता. म्हणजे आजची शांत आणि उंच एसयूव्ही आपल्याला दोन बाजूंनी सांगत असते, ‘अरे, आपण हळूच चाललोय की!’

मग सुरक्षेचं काय? एअरबॅग, एबीएस यांनी तरी आपण सुरक्षित झालो ना? इथे म्युनिकच्या टॅक्सींची गोष्ट सांगायलाच हवी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका टॅक्सी ताफ्यातल्या काही गाड्यांना एबीएस लावलं होतं, काहींना नाही, बाकी गाड्या सारख्याच. अपघातांचा हिशोब ठेवला गेला आणि ड्रायव्हरला कळू न देता प्रवासी म्हणून निरीक्षक बसवले गेले. निष्कर्ष असा की एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात कमी झालेच नाहीत. त्यांचे ड्रायव्हर ब्रेक जास्त जोरात मारत होते, वळणं जास्त जोरात घेत होते. मिळालेली सुरक्षितता त्यांनी वेगात खर्च करून टाकली. त्याआधी १९७५ साली सॅम पेल्ट्झमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने असाच युक्तिवाद केला होता, आणि त्यावर आजही वाद आहेत. सीटबेल्टने आणि एअरबॅगने जीव वाचतात हे नक्की, त्यामुळे ‘सुरक्षेचा उपयोगच नाही’ असा अर्थ कृपया काढू नका. अर्थ एवढाच की गाडी जे देते त्यातला काही हिस्सा ड्रायव्हर परत घेतो, आणि घेतोय हे त्याला कळत नाही.

२०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालात त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. गाडी अत्यंत सुरक्षित समजली जाणारी होती, आणि मागच्या सीटवरच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता. मागच्या सीटवर बेल्ट लावायचा नसतो, ही सवय कुठली? ज्या गाड्यांना मागे बेल्टच नव्हते त्या गाड्यांमधली. आपण सगळे मागच्या सीटवर चार-चार जण कोंबून, मांडीवर भावंडं घेऊन वाढलो. पुन्हा तेच, गाडी नवी आणि बसणारा जुना.

लायसन्स कशाचं?

आता गंमत बघा. (गंमत म्हणजे गंमत नाहीच.) मारुती ८००वर टेस्ट देऊन ज्याला लायसन्स मिळालं तो दुसऱ्या दिवशी दोन टनांची, पावणेदोनशे हॉर्सपॉवरची एसयूव्ही चालवू शकतो. हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स साडेसात हजार किलोपर्यंत चालतं. आमच्या ऑफिसात एका सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलं तरी दोन दिवसांचं ट्रेनिंग असतं. गाडी बदलताना शोरूमवाला काय शिकवतो? मोबाइल ब्लूटूथला कसा जोडायचा ते. नारळ फोडतो, पेढे देतो, फोटो काढतो, झालं.

आणि एबीएस? १ एप्रिल २०१९पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांमध्ये ते सक्तीचं आहे. पण एबीएसमध्ये ब्रेक टप-टप दाबायचा नसतो, जीव खाऊन दाबायचा आणि दाबूनच धरायचा असतो. टप-टपचं काम यंत्र सेकंदाला कितीतरी वेळा स्वतः करतं. पेडल तेव्हा पायाखाली थरथरतं, आणि माहीत नसलेला माणूस काहीतरी मोडलं समजून नेमका त्याच क्षणी पाय उचलतो. माझ्या बाबांचा पाय पद्मिनीवर तयार झालेला. पस्तीस वर्षं त्यांनी एकही अपघात केला नाही, आणि त्यामागे त्या टप-टपचा वाटा मोठा आहे. आता त्यांच्याकडे एबीएसवाली गाडी आहे आणि टप-टप चालूच आहे. ज्या सवयीने त्यांना इतकी वर्षं वाचवलं ती सवय ऐन वेळी थांबायचं अंतर वाढवणार. हे त्यांना पटवणं सोपं नाही. पस्तीस वर्षांच्या टेस्ट रिझल्टपुढे माझा डायग्राम काय टिकणार!

हल्ली गाड्या स्वतःच बोलायला लागल्या आहेत. १ जुलै २०१९पासून नव्या गाड्यांना वेगाचा इशारा सक्तीचा झाला: ऐंशीच्या वर अधूनमधून टुंग, एकशेवीसच्या वर सतत. अनेकांना त्याचा राग येतो. मला मात्र त्यात पद्मिनीच ऐकू येते. ऐंशीला तिची दारं आणि डॅशबोर्ड हेच काम करायचे, फुकटात.

आणि इलेक्ट्रिक गाडीने तर चक्र पूर्ण केलंय. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत पाय उचलला की मोटर जनरेटर होते, गाडी मंदावते आणि बॅटरीत वीज परत जाते. म्हणजे लांबवर बघा, लवकर पाय उचला, ब्रेक कमी वापरा! खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना बॅटरीचा आकडा वाढताना बघणं हा एक नवा छंद झालाय. ज्या गियरमध्ये चढलात त्यात उतरा म्हणणारे ते जुने ड्रायव्हर या गाडीत पहिल्या दिवसापासून आमच्यापेक्षा चांगले चालवतील याबद्दल मला शंका नाही. फक्त ब्रेक दाबून धरायला शिकवावं लागेल.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३अखेर त्या रस्त्यावरून गेल्या. पेपरांत फोटो आले, लोक हळवे झाले. गाड्या गेल्या खऱ्या. त्यांच्यावर शिकलेले पाय मात्र आजही रोज सकाळी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडतात.

तेव्हा एक काम करा. पुढच्या रविवारी घरातल्या मोठ्यांना गाडीत घेऊन एखाद्या मोकळ्या मैदानावर जा. आजूबाजूला कोणी नाही ना, सगळ्यांचे बेल्ट लावलेत ना ते बघा. चाळीसचा वेग घ्या आणि त्यांना सांगा, आता ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि काहीही झालं तरी सोडू नका. पेडल थरथरेल, खडखड आवाज येईल, गाडी सरळ थांबेल. दोन-तीनदा करा. बाबांबरोबरचा माझा हा कार्यक्रम ठरलाय, फक्त मैदान कोणतं यावर त्यांचं आणि आईचं अजून एकमत व्हायचंय.